लस खांद्यात नव्हे, दंडात!

सप्टेंबर-ऑक्टोबर उजाडला, उकाडा थोडा उतरला, की कतारमध्ये फ्लूच्या लसीची मोहीम सुरू होते. सरकारी आरोग्य केंद्रांत आणि अनेक खाजगी दवाखान्यांत ही लस मोफत मिळते. गणपती-नवरात्राच्या धामधुमीतून वेळ काढून आपली मंडळी ती घेऊनही टाकतात. याच दिवसांत मंडळाच्या कार्यक्रमांत मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "ताई, लस घेतल्यावर एक-दोन दिवस दंड दुखतो, ते ठीक. पण अमक्यांचा हात तीन महिने वरच जात नव्हता म्हणे. हे खरे का?"

खरे आहे. क्वचित घडते, पण घडते. मात्र त्याचे कारण बहुतेक वेळा लसीत नसते, तर सुई नेमकी कुठे शिरली यात असते. म्हणूनच ही इजा टाळता येते. टोचणाऱ्याला नीट शिकवले आणि टोचून घेणाऱ्याने अर्धा मिनिट लक्ष दिले, तर ती जवळजवळ होतच नाही. मी मूळची सांगलीची, व्यवसायाने परिचारिका. नव्या परिचारिकांना इंजेक्शन द्यायला शिकवणे हाही अनेक वर्षे माझ्या कामाचा भाग आहे. राहायला समैस्म्याला असल्यामुळे दोहा आणि अल् खोर या दोन्ही बाजूंची आपली कुटुंबे भेटत असतात. त्यांच्या शंका एकत्र करून या सदरासाठी हा लेख लिहीत आहे. विषय आरोग्याचा असला तरी शेवटी थोडा हिशेबही आहे, कारण दुखावलेला खांदा खिशालाही दुखवतो.

टोचण्याची जागा आणि तिचे शेजारी

आपल्यातल्या पन्नाशीपुढच्या मंडळींच्या दंडावर बहुधा देवीच्या लसीचा व्रण असतो आणि त्यानंतरच्या पिढ्यांच्या डाव्या दंडावर बीसीजीचा. या दोन्ही लसी त्वचेतच टोचायच्या असतात. फ्लू, धनुर्वात, कावीळ-ब, कोविड यांच्या लसींचे तसे नाही. त्या त्वचा आणि तिच्याखालची चरबी ओलांडून थेट स्नायूत जाव्या लागतात. मोठ्या माणसांत त्यासाठी दंडाचा डेल्टॉइड नावाचा स्नायू वापरतात. खांद्यावर उलटा त्रिकोण ठेवावा तसा त्याचा आकार असतो. वर रुंद, खाली निमुळता.

नेमकी जागा तुम्हाला स्वतःलाच शोधता येईल. उजव्या हाताची बोटे डाव्या खांद्यावर, मानेजवळ ठेवा आणि हाड चाचपत बाहेरच्या बाजूला सरकत जा. जिथे हाड संपते आणि बोट खाली मऊ भागात उतरते, ते खांद्याचे टोक. तिथून खाली दोन ते तीन बोटे आडवी ठेवा, म्हणजे सुमारे ५ सेंटिमीटर अंतर होते. आता काखेची घडी जिथे दिसते त्या पातळीला दंडावर एक आडवी रेघ आहे अशी कल्पना करा. बोटांच्या खाली, त्या रेघेच्या वर आणि दंडाच्या बाहेरच्या अंगाला मधोमध अशी जी जागा उरते, तिथे स्नायू जाड असतो. लस तिथेच टोचायची.

आता या जागेचे शेजारी पाहू. वरच्या बाजूला, हाडाच्या टोकाखाली, बर्सा नावाची पातळ पिशवी असते. खांदा हलताना हाड आणि कंडरा एकमेकांवर घासू नयेत म्हणून निसर्गाने केलेली ही गादीच म्हणा ना. तिच्या खालून हात वर उचलणाऱ्या कंडरा जातात. २००७ साली अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी लसीनंतर खांदा दुखावलेल्या दोन रुग्णांविषयी लिहिले. त्यासाठी त्यांनी सोनोग्राफीने ही पिशवी मोजून पाहिली. ती हाडाच्या टोकापासून खाली ३ ते ६ सेंटिमीटरपर्यंत पसरलेली आणि त्वचेखाली अवघ्या ०.८ ते १.६ सेंटिमीटर खोल अशी आढळली. नेहमीची एक इंची सुई अडीच सेंटिमीटर लांब असते. म्हणजे सडपातळ माणसाच्या दंडाच्या अगदी वरच्या भागात ती सुई पूर्ण घातली, तर स्नायू ओलांडून ती पिशवीत किंवा कंडरेत पोचू शकते.

पोचली तर काय होते? शरीराच्या संरक्षण यंत्रणेला जागे करणे हेच लसीचे काम. स्नायूला भरपूर रक्तपुरवठा असतो, त्यामुळे तिथली सूज एक-दोन दिवसांत ओसरते. बंद पिशवीत किंवा कंडरेत तोच दाह सुरू झाला तर तो लवकर शमत नाही. खांदा आखडतो.

उलट बाजूला, दंडाच्या मागे आणि खाली, मोठ्या नसा आहेत. सुई फार खाली किंवा मागे गेली तर त्यांना इजा होऊ शकते. टोचताक्षणी बोटांपर्यंत विजेसारखी कळ गेली तर ती लगेच सांगावी. "थोडे सोसा" म्हणून ती गप्प करण्याची गोष्ट नव्हे.

दुखणे कोणते, इजा कोणती?

लस घेतल्यावर दंड दुखणे, थोडा लाल होणे, हात जड वाटणे हे नेहमीचे आहे. ते एक ते तीन दिवसांत कमी होत जाते आणि हात फिरवायला अडचण येत नाही. इजेचे लक्षण वेगळे. दुखणे टोचल्या क्षणापासून किंवा ४८ तासांच्या आत सुरू होते, दंडापेक्षा खांद्याच्या सांध्यात जाणवते, आठवडा उलटला तरी उतरत नाही आणि हात वर किंवा पाठीमागे नेणे अवघड होते.

अमेरिकेत लसीच्या इजेबद्दल सरकारकडे भरपाई मागणाऱ्यांपैकी १३ जणांच्या कागदपत्रांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. लस देताना होणाऱ्या खांद्याच्या इजेला त्यातच पहिल्यांदा 'सिर्व्हा' हे नाव मिळाले. जवळजवळ सर्वांचे दुखणे २४ तासांच्या आत सुरू झाले होते, निम्म्याहून अधिकांचे तर लगेच. आणि सहा जणांनी स्वतःहून सांगितले होते की सुई फार वर टोचली. रुग्णाला जे जाणवते ते पुष्कळदा बरोबर असते, हा मी त्यातून घेतलेला धडा.

याचे प्रमाण किती? अमेरिकेतल्याच एका मोठ्या पाहणीनुसार २०१६-१७ च्या हंगामात फ्लूच्या दर दहा लाख लसींमागे खांद्यातल्या पिशवीला सूज येण्याचे सुमारे ८ जादा रुग्ण आढळले. म्हणजे घाबरून लस टाळावी असा हा आकडा नाही. पण ज्याच्या वाट्याला ते येते त्याला दहा लाखांचे गणित सांगून काय उपयोग?

आमच्या ओळखीच्या एका काकूंचेच पाहा. फ्लूची लस घेतली त्या रात्रीपासून त्यांचा खांदा ठणकू लागला. महिनाभर त्यांनी बाम चोळून काढला. मग वेणी घालता येईना, फडताळावरचा डबा काढता येईना, ब्लाउजचे हूक लावायला सुनेला हाक मारावी लागे. त्यांना मधुमेह असल्याने सगळ्यांनी "साखरेमुळे खांदा आखडला" असे ठरवून टाकले. मधुमेहींत खांदा आखडण्याचे प्रमाण जास्त असते, हेही खरेच. पण दुखणे लस घेतलेल्याच रात्री, लस घेतलेल्याच खांद्यात सुरू झाले, हे डॉक्टरांना कुणी सांगितलेच नाही. व्यायाम आणि उपचारांनी काकू बऱ्या झाल्या, पण त्याला सात-आठ महिने लागले. आज त्या घरात कुणी फ्लूची लस घेत नाही आणि काकांना दमा आहे. मला काकूंच्या खांद्याइतकीच काकांची काळजी वाटते. चुकीच्या जागी गेलेली एक सुई अख्ख्या घराचा लसीवरचा विश्वास घालवून बसते.

दोष औषधाचा की हाताचा?

हा प्रश्न नवा नाही, आणि त्याचा सगळ्यात जुना धडा आपल्या मुंबईशी जोडलेला आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा वाल्देमार हाफकिन यांनी त्यावर लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांच्या मुंबईच्या प्रयोगशाळेतून लस देशभर जाऊ लागली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावी ती टोचली गेली आणि एकाच बाटलीतून लस दिलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. ठपका हाफकिन आणि त्यांची प्रयोगशाळा यांच्यावर आला. त्यांना पद सोडावे लागले. पुढे पुरावे तपासल्यावर दिसले की त्या दिवशी बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी बाजू मांडली आणि १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरले. १९२५ पासून परळची ती संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते. मुंबईची लस निर्दोष होती, मुलकोवालचा चिमटा नव्हता.

अलीकडचे उदाहरण आपल्या यवतमाळ जिल्ह्यातले. ३१ जानेवारी २०२१ रोजी घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी इथे १२ बालकांना पोलिओच्या डोसाऐवजी हात धुण्याचे सॅनिटायझर पाजले गेले. मुलांना रुग्णालयात हलवले आणि सुदैवाने सगळी बचावली. पोलिओच्या लसीत काहीच दोष नव्हता. बाटलीवरचे नाव वाचून मगच डोस द्यायचा, ही शिकवण त्या दिवशी पाळली गेली नाही.

जागतिक आरोग्य संघटना लसीनंतरच्या त्रासाची कारणे पाच गटांत मांडते. पहिला गट लसीच्या गुणधर्मामुळे होणारा त्रास, दुसरा लसीच्या उत्पादनातला दोष, तिसरा लस हाताळण्यात किंवा देण्यात झालेली चूक, चौथा भीतीमुळे येणारी भोवळ वगैरे आणि पाचवा केवळ योगायोग. मुलकोवाल, यवतमाळ आणि काकूंचा खांदा ही तिन्ही तिसऱ्या गटातली उदाहरणे. या गटाचे औषध म्हणजे प्रशिक्षण.

प्रशिक्षणात काय शिकवतात?

"इंजेक्शन देणे त्यात काय शिकायचे? सुई टोचली की झाले!" असे पुष्कळांना वाटते. म्हणून हा भाग जरा विस्ताराने सांगते.

मी वर्गात सुरुवात सुईने करत नाही, पेनाने करते. दोघी-दोघींच्या जोड्या लावते. एकीने दुसरीच्या दंडावर लस टोचण्याच्या जागी टिंब काढायचे. मग मी हाडाचे टोक चाचपून, बोटे ठेवून खरी जागा दाखवते. पहिल्या दिवशी बरीच टिंबे वर सरकलेली असतात. अनुभवी परिचारिकांचीही! कारण सोपे आहे. टोचणारी उभी असते आणि समोरचा माणूस बसलेला. वरून पाहताना डोळ्यांना खांद्याची गोलाई आधी दिसते आणि हात नकळत तिथेच जातो. दुसऱ्यांदा त्यांना खुर्चीवर, समोरच्याच्या पातळीवर बसवून टिंबे काढायला लावली की ती आपोआप खाली येतात. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले की पुन्हा सांगावे लागत नाही.

त्यानंतरचे नियम असे:

१. टोचणारा आणि टोचून घेणारा दोघेही बसलेले असावेत. दंड सैल सोडलेला, हात मांडीवर किंवा कमरेवर ठेवलेला आणि कोपर थोडे बाहेर.

२. खांद्यापासून दंड पूर्ण उघडा हवा. गळ्याकडून कपडा खाली ओढून टोचू नये. त्यात उघडा होतो तो खांद्याचा वरचा भागच, आणि खांद्याचे टोक कुठे आहे तेही कळत नाही.

३. जागा अंदाजाने ठरवू नये, हाताने चाचपून ठरवावी.

४. सुईची लांबी माणूस पाहून निवडावी. साधारण ६० ते ७० किलोच्या व्यक्तीला एक इंची सुई ठीक. फार वजनदार व्यक्तीला दीड इंची लागते, नाहीतर लस चरबीतच राहते आणि नीट लागू पडत नाही. अगदी किरकोळ माणसाला याहून आखूड सुईही चालते, पण त्वचा ताणून धरावी लागते.

५. सुई ९० अंशांत, सरळ आत. तिरपी वरच्या दिशेने नको.

६. लस टोचण्यापूर्वी दट्ट्या मागे ओढून रक्त येते का ते पाहण्याची जुनी पद्धत आता आवश्यक मानली जात नाही. टोचल्यावर जागा चोळूही नये.

७. एकाच दंडात दोन लसी द्यायच्या असतील तर त्यांत किमान एक इंच अंतर ठेवावे.

८. लसीनंतर किमान १५ मिनिटे बसवून ठेवावे. भोवळ आली तर कळते, आणि क्वचित येणारी तीव्र ॲलर्जी असेल तर ॲड्रेनॅलिन हाताशी असते. भारतात १६ जानेवारी २०२१ पासून कोविडची लस सुरू झाली तेव्हा अर्धा तास थांबवण्याचा नियम होता, तो अनेकांना आठवत असेल.

९. लसीचे नाव, बॅच क्रमांक, तारीख आणि कोणता दंड, ही नोंद त्याच वेळी करावी.

लहान मुलांचे वेगळे. वर्षाच्या आतल्या बाळाचा दंडाचा स्नायू कोवळा असतो, म्हणून मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला टोचतात. आपल्याकडच्या लसीकरणातही पेंटाव्हॅलंट लस डाव्या मांडीत देतात, आणि पाच-सहा वर्षांचा बूस्टर दंडात. आपल्या लहानपणी डॉक्टर सर्रास कमरेत इंजेक्शन देत. लसींसाठी ती जागा आता वापरत नाहीत, कारण तिथे चरबी जास्त आणि पायाची मोठी नसही जवळ. आजीने "कमरेतच द्या, हात दुखेल पोरीचा" असा आग्रह धरला, तरी नम्रपणे नाही म्हणावे.

गर्दीतले लसीकरण ही प्रशिक्षणाची खरी परीक्षा. कतारमध्ये कोविडची लस २३ डिसेंबर २०२० रोजी सुरू झाली आणि २०२१ साली लुसैलला गाडीत बसल्याबसल्या लस देणारे केंद्र काही काळ चालले. लोकांना ते फार सोयीचे होते. पण शिकवणाऱ्याच्या दृष्टीने जगात कुठेही असे केंद्र म्हणजे अवघड पेपर. माणूस बसलेला, टोचणारा बाहेर उभा, मध्ये गाडीचे दार आणि मागे रांग. अशा वेळी दार पूर्ण उघडणे, माणसाला बाहेरच्या बाजूला वळवून बसवणे, स्वतः वाकून किंवा स्टुलावर बसून डोळे दंडाच्या पातळीला आणणे, हे मुद्दाम शिकवावे लागते. कंपनीच्या कॅम्पवर एका दिवसात शेकडो कामगारांना लस देणाऱ्या परिचारिकेचीही अडचण हीच. घाईत पहिली सुट्टी मिळते ती खुर्चीला.

लस घेताना आपण काय करावे?

टोचणाऱ्याने शिकायचे ते शिकावे, पण निम्मे काम आपल्या हातात आहे.

सैल, अर्ध्या बाहीचा किंवा बिनबाह्यांचा कपडा घालून जावे. अरुंद बाहीचा पंजाबी ड्रेस, घट्ट ब्लाउज किंवा कामावरचा पूर्ण बाहीचा गणवेश असेल तर बाही खांद्यापर्यंत चढत नाही. मग तो गळ्याकडून ओढण्याचा प्रकार होतो. स्त्रियांनी संकोच वाटल्यास पडदा आणि स्त्री कर्मचारी मागावी. इथे ती मागणी वावगी समजत नाहीत.

खुर्चीवर बसावे. टोचणारी उभी राहिली तर हसून म्हणावे, "सिस्टर, तुम्हीही बसा ना." जागा वर वाटली तर स्वतः दोन बोटे ठेवून दाखवावी. आपण तिचा अपमान करतोय असे मुळीच वाटून घेऊ नये. चांगल्या परिचारिकेला असा रुग्ण आवडतो.

आधीच एखादा खांदा दुखत असेल, तर दुसऱ्या दंडात घ्यावी आणि तसे सांगावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेही सांगावे. लस झाल्यावर हात बांधून ठेवू नये, नेहमीसारखा हलवत राहावा.

इजा झाल्यासारखे वाटले तर

आठवड्यानंतरही दुखत असेल किंवा हात वर जात नसेल, तर डॉक्टरांकडे जावे. पहिल्याच वाक्यात लसीची तारीख, कोणता दंड आणि दुखणे कधी सुरू झाले ते सांगावे. काकूंकडून राहून गेले ते हेच. डॉक्टर खांद्याची हालचाल तपासतात, गरज पडल्यास सोनोग्राफी किंवा एमआरआय करतात. उपचारात दाह कमी करणारी औषधे, फिजिओथेरपी, कधी सांध्याजवळ स्टिरॉइडचे इंजेक्शन आणि अगदी क्वचित शस्त्रक्रिया. दुखतो म्हणून खांदा हलवायचाच नाही, असे केले तर तो आणखी आखडतो. मधुमेहींनी स्टिरॉइड घेण्यापूर्वी डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण त्याने काही दिवस साखर वाढू शकते.

ज्या केंद्रात लस घेतली तिथेही कळवावे. भांडण्यासाठी नव्हे. कळवले नाही तर तिथल्या परिचारिकेला आपली सुई वर जाते हे कधी समजणार?

आता थोडा हिशेब

या दुखण्याचा खर्च एकदम अंगावर येत नाही, हप्त्याहप्त्याने येतो. फिजिओथेरपीच्या फेऱ्या, तपासण्या, समैस्म्याहून दोहापर्यंतचे जाणे-येणे आणि बुडालेले दिवस. म्हणून विम्याची कागदपत्रे आत्ताच उघडून पाहा. कंपनीच्या गट-विम्यात फिजिओथेरपी आहे का, किती बैठकांपर्यंत आहे, आधी मंजुरी घ्यावी लागते का, आपला हिस्सा किती, हे चार प्रश्न एच.आर.ला विचारून ठेवा.

गावाहून आलेल्या आईवडिलांसाठी विशेष सूचना. १ फेब्रुवारी २०२३ पासून कतारला भेट देणाऱ्यांना आरोग्य विमा सक्तीचा झाला. त्याची ५० रियाल महिन्याची मूळ पॉलिसी तातडीचे आणि अपघाताचे उपचार यांपुरती आहे. लांबणाऱ्या खांद्याचा व्यायाम त्यात बसेल असे गृहीत धरू नका. त्यांना लस घ्यायचीच असेल, तर शक्यतो गावी, नेहमीच्या डॉक्टरांकडे, निघण्यापूर्वी दोन-तीन आठवडे घ्यावी.

नुकसानभरपाईचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने लसीच्या इजेसाठी वेगळा निधी उभा राहिला. लस ज्या रोगावर असेल त्या प्रत्येक रोगामागे, दर डोसाला ७५ सेंट कर घेऊन तो भरला जातो. २०१७ साली खांद्याची इजा त्याच्या यादीत आली. ४८ तासांच्या आत सुरू झालेले आणि सहा महिन्यांहून अधिक टिकलेले दुखणे असावे लागते, आणि अर्ज पहिल्या लक्षणापासून तीन वर्षांत करायचा असतो. मध्यंतरी ही इजा यादीतून काढण्याचा निर्णय झाला होता, तो २०२१ सालीच मागे घेतला गेला. ब्रिटनमध्ये १९७९ पासून योजना आहे, पण तिथे ६० टक्के अपंगत्वाची अट असल्याने खांद्याच्या दुखण्याला ती सहसा लागू पडत नाही. मुले तिकडे शिकायला असतील त्यांनी ही माहिती कळवून ठेवावी.

भारतात लस पैसे देऊन घेतली असेल, तर ग्राहक न्यायालयाचा मार्ग आहे. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. सर्वांना फुकट मिळणारी सरकारी सेवा मात्र त्यातून वगळली. दाव्याची मुदत दोन वर्षांची. इथे कतारमध्ये पहिली पायरी म्हणजे त्याच केंद्राकडे लेखी तक्रार आणि त्याची पोच.

देश कोणताही असो, कागद हवाच. लसीचे कार्ड, पावत्या, डॉक्टरांची चिठ्ठी आणि दुखण्याची तारीखवार नोंद एका फाइलमध्ये ठेवा. कार्डावर कोणत्या दंडात लस दिली ते लिहिलेले नसेल, तर तिथल्या तिथे लिहून घ्या. पुढे सगळी भिस्त त्या एका शब्दावर असते.

मंडळासाठी एक विनंती

आपल्या सभासदांत परिचारिका आहेत, फार्मासिस्ट आहेत, कंपन्यांच्या सुरक्षा आणि एच.आर. विभागांत काम करणारे तर पुष्कळ आहेत. कामगारांसाठी फ्लूची लस ठेवण्यापूर्वी टोचणाऱ्यांची अर्ध्या दिवसाची उजळणी ठेवा. खर्च जवळजवळ काहीच नाही. काही मार्कर पेन, आणि टेबलामागे दोन खुर्च्या. टोचणाऱ्याच्या खुर्चीसाठी जागा नसेल, तर त्या दिवशी रांग छोटी करा पण खुर्ची काढू नका.

आणि घरी हा अंक वाचून झाला की एकमेकांच्या खांद्याचे टोक शोधून, दोन बोटे ठेवून पाहा. मुलांना हा खेळ आवडेल. काकांना मी यंदा स्वतः लस द्यायला जाणार आहे. त्यांनी अजून हो म्हटलेले नाही, पण काकूंनी खुर्च्या दोन मांडून ठेवते असे सांगितले आहे.